पाचवा भाग बघताना एकशे दहावा विसरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 'बॅबिलॉन ५' ही अंतराळस्थानकावरची जुनी अमेरिकी मालिका तुम्ही बघायला घेतली आहे आणि पहिल्या वर्षाच्या पाचव्या भागावर, म्हणजे 'द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स'वर, परीक्षण लिहायचंय. मित्रांनी बजावलंय की पहिलं वर्ष कसंबसं ढकल, पुढे सोनं आहे. मग या भागात जे खटकलं ते लिहावं, की पुढच्या सोन्याकडे बघून गिळून टाकावं? आणि १९९४ची ग्राफिक्स आज बघवत नाहीत, त्यांचं काय करायचं?

गिळू नका, लिहा. मी बरीच वर्षं मराठी मालिकांच्या पटकथा लिहितोय, जोडीला परीक्षणंही लिहितो. 'पुढे मस्त होणार आहे' हे वाक्य मी चॅनेलच्या मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकलंय आणि खरं सांगायचं तर स्वतःही फेकलंय, की त्याची किंमत मला पक्की ठाऊक आहे. २३ फेब्रुवारी १९९४ला जो माणूस टीव्हीसमोर बसला होता, त्याला पुढच्या १०५ भागांची हमी कुणी दिली नव्हती. त्या संध्याकाळी त्याला जे पाऊण तास मिळाले, तेवढ्याचंच परीक्षण होतं. पुढे काय झालं हा मालिकेचा इतिहास. तो जरूर लिहा, पण वेगळ्या लेखात.

यावर एक जुनी हकिगत आठवते. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. जयंत नारळीकरांनी आपली 'कृष्णविवर' ही कथा तिथे नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. कथेला बक्षीस मिळालं आणि मग नाव उघड झालं. तुमच्यापुढचा पाचवा भागही असाच टोपणनावाने आलाय असं धरून बघा. ही मालिका पुढे विज्ञानकथांसाठीचे दोन ह्यूगो पुरस्कार मिळवणार आहे, हे तुम्हाला माहीतच नाही असं समजा.

या मालिकेच्या बाबतीत हे पथ्य पाळणं जरा जास्तच कठीण आहे. कारण मालिकाकर्ते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची गोष्ट आधीच आखून ठेवली होती आणि ११० भागांपैकी ९२ भाग स्वतः लिहिले, तिसरं नि चौथं वर्ष तर सबंध एकहाती. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या पुढची वनलाइन, म्हणजे भागांचा ओळी-ओळीचा आराखडा, हातात असली तरी लेखक शेखी मिरवतो! त्यामुळे जाणकार चाहते पाचव्या भागात सुद्धा 'हे बघा, इथे पेरलंय' करत फिरतात. वाचायला मौज वाटते, पण ते परीक्षण होत नाही. पेरलेलं उगवलं म्हणून पेरणीचा प्रसंग आपोआप चांगला ठरत नाही. उद्या उगवणारं बी आज प्रेक्षकाच्या डोळ्यांत धुळीसारखं जात असेल, तर तो दोष आजचाच.

आता या भागाकडे वळू. बॅबिलॉन ५ हे पाच मैल लांबीचं, स्वतःभोवती फिरणारं स्थानक. सन २२५८. माणसं आणि परग्रहवासी मिळून अडीच लाखांची वस्ती. त्याआधीची तीन स्थानकं घातपातात गेली, चौथं सुरू झाल्यावर चोवीस तासांत नाहीसं झालं. या पाचव्यावर पृथ्वीचा कमांडर सिंक्लेअर आणि चार परक्या संस्कृतींचे राजदूत असतात, आणि भांडणं युद्धावर जाऊ नयेत म्हणून एकमेकांशी बोलत राहतात. पाचव्या भागात स्थानकावर एक आठवड्याचा सोहळा आहे: प्रत्येक संस्कृतीने आपली मुख्य श्रद्धा इतरांना दाखवायची. त्याच्या पोटात तीन ट्रॅक, म्हणजे कथानकाचे धागे, आहेत. नार्न राजदूत जकारच्या मागे एक मारेकरी लागलाय. सिंक्लेअरची जुनी मैत्रीण कॅथरीन साकाई स्थानकावर आलीय. आणि राजदूतांच्या कचेऱ्यांत दोन नवे सहायक रुजू होतायत, नार्नांकडे नटॉथ आणि मिनबारींकडे लेनिअर.

अंतराळस्थानकाच्या मालिकेचा कुठलाही सुरुवातीचा भाग असो, मी आधी एक प्रश्न विचारतो: ही गोष्ट दुसरीकडे कुठे घडू शकली असती का? यानावरच्या मालिकेत दर आठवड्याला नवा ग्रह असतो. तिथला तंटा मिटला, की यान निघालं. स्थानक जागचं हलत नाही. तंटाच कस्टममधून आत येतो, आणि तो मिटवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांत वावरायचं असतं. म्हणून दुसरा प्रश्न असा, की भाग संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकावर काय उरलं?

आदल्याच आठवड्याचा 'इन्फेक्शन' हा भाग या कसोटीवर साफ आपटतो. पुरातन शस्त्र, त्याचा ताबा घेतलेला माणूस, शेवटी त्याला समजावणारं भाषण. हे कुठल्याही यानावर, कुठल्याही तळावर चाललं असतं आणि सकाळी स्थानकावर त्यातलं काही उरत नाही. (पहिल्या वर्षासाठी सर्वात आधी चित्रित झालेला भाग तोच होता, दाखवला मात्र चौथा. चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगळा असतो, हे परीक्षणात ध्यानात ठेवा. नाहीतर चौथ्या भागात नट अजून चाचपडतायत, म्हणजे मालिका घसरतेय, असला निष्कर्ष निघतो.) 'पार्लमेंट'चं तसं नाही. धर्मांचा आठवडा फक्त इथेच होऊ शकतो, आणि सकाळी दोन नवी माणसं स्थानकावर कायमची उरतात.

जकारच्या ट्रॅकवर जरा रेंगाळा, परीक्षणाचा खरा ऐवज तिथे आहे. पहिल्या चार भागांत जकार जवळपास खलनायकच आहे. आवाज मोठा, डाव उघडे, हसणं कुत्सित. पाचव्यात त्याला दुरॉग नावाच्या जुन्या शत्रूचा निरोप येतो. दुरॉग मेलाय. पण मरण्याआधी होतं नव्हतं ते विकून त्याने मारेकरी नेमलाय, आणि जकारने मरण्यापूर्वी भीतीत जगावं म्हणून हे मुद्दाम कळवलंय. पुढचा सगळा वेळ आपण एका दांडगटाला घाबरलेला बघतो. त्याच वेळी दारात नवी सहायक उभी राहते. आधीची अपघातात गेली, ही अचानक आली. जकारचा सगळा संशय तिच्यावर.

इथे लेखकाचं कसब बघा. प्रेक्षकाचा संशय नटॉथवर खिळवून ठेवलाय आणि खरा मारेकरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्याच प्रसंगात निरोप देऊन गेलाय. तुपारी, निरोप्या. आमच्या धंद्यात पाहुण्या कलाकाराला पहिल्या सीनमध्ये निरोप्याचं काम देऊन नंतर परत आणलं की घरातल्या आजीसुद्धा ओळखतात. इथे ते चटकन ओळखू येत नाही, कारण त्याचा पहिला सीन हसण्यावारी गेलेला असतो.

आणि सुटका कशी होते? जकार वेदना देणाऱ्या यंत्रांना जखडलेला आहे. नटॉथ आत येते, आपणही दुरॉगनेच पाठवलेल्या आहोत असं भासवते आणि जकारला बदडून काढते. त्या मारात ती यंत्रं निकामी होतात. जकार उठतो तेव्हा तिच्यावर खूश आहे, पण तिने मारताना जरा जास्तच मन लावलं, हेही त्याला जाणवलंय. मग दोघं मिळून तुपारीच्या खात्यात घसघशीत रक्कम जमा करतात, म्हणजे मारेकऱ्यांच्या संघटनेला वाटावं की हा फितूर झाला. आता पळायची पाळी त्याच्यावर. रक्ताचा एक थेंबही न सांडता, बँकेच्या नोंदीने माणूस संपवायचा. जकार घाबरट आहे, क्रूर आहे, विनोदी आहे आणि हुशारही आहे, हे एकाच भागात कळतं. पाचव्या भागाकडून याहून जास्त मागणं मला तरी जमणार नाही.

जकार झालेल्या आंद्रेआस कात्सुलासचा अभिनय बघताना एक गोष्ट लक्षात असू द्या. डोकं, कपाळ, गाल सगळं रबराखाली, डोळ्यांत लाल लेन्स. हाताशी उरतं काय, तर आवाज, मान आणि पापण्या. भीती दाखवताना तो मान किंचित मागे घेतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज अर्धी पट्टी खाली आणतो. मुखवट्याखालचा नट कसा बघावा हे दशावतार बघितलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शिवाय १९९४चा मालिकांतल्या रंगभूषेचा एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मानाचा पुरस्कार, याच भागाला मिळाला. ही गोष्ट त्या वर्षीचीच आहे, पुढची पुण्याई नव्हे, तेव्हा परीक्षणात बिनधास्त लिहा.

आधीची सहायक अपघातात गेली, असं वर म्हटलं. को डाथ नावाचं ते पात्र आधी फक्त एका भागात दिसलं होतं. नटी सोडून गेली, आणि एअरलॉकमधल्या अपघाताच्या एका ओळीत पात्र निकालात निघालं. हे वाचून मुंबईतला कुठलाही मालिका-लेखक हसेल. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा घोडबंदर रोडच्या बंगल्यांवर हे आठवड्याआड घडतं. सकाळी फोन येतो, अमुक ताई उद्यापासून नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत त्या काकूला गावी पाठवायचं असतं. असल्या तडजोडीवर परीक्षणात दात काढू नका. तिचा पुढे उपयोग काय केला ते बघा. इथे तर अडचणीतूनच ट्रॅकचा संशय उभा केलाय: एक सहायक संशयास्पद मेली, दुसरी संशयास्पद आली. खड्डा बुजवायच्या मातीतच झाड लावलंय.

दुसऱ्या नव्या माणसाचा, लेनिअरचा, पहिला सीन अगदी छोटा आहे. तो मिनबारी राजदूत डलेनपुढे येतो आणि आदराने मान खालीच ठेवतो. ती त्याला सांगते, वर बघ, सतत खाली बघणारा सहायक घेतला तर तो कशाकशावर आपटत राहील. झालं. एका विनोदात तिचं स्थान, त्याची भक्ती आणि दोघांमधलं नातं बसून जातं. नव्या पात्राचा प्रवेश लिहिताना तीन पानं खर्च करणाऱ्यांनी, मीही त्यात आलो, हा सीन भिंतीवर लावावा.

साकाईचा ट्रॅक मात्र रटाळ आहे, आणि ते तसंच लिहा. पुन्हा पुन्हा जवळ येऊन दुरावलेली दोन माणसं परत भेटतात. 'आपण असं का वागतो' हे एकमेकांना समजावून सांगतात. दोन माणसं आपल्याच नात्याचा इतिहास एकमेकांना सांगायला लागली, की समजावं ते प्रेक्षकाला सांगतायत. या ट्रॅकमधलं एकच वाक्य भागाला उपयोगी पडतं. डलेनच्या पुनर्जन्माच्या विधीत लाल फळ वाटलं जातं, आणि त्या वेळी तिची नजर सिंक्लेअरवर जरा जास्त रेंगाळते. नंतर साकाई सहज सांगते, की तो विधी लग्नाचाही असू शकतो, कोण किती मनावर घेतो त्यावर आहे. इथे थांबा. त्या नजरेचं पुढे काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर विसरा. भागाने स्वतः दिलेला इशारा पुरेसा मजेदार आहे आणि त्याच्या जोरावर तो प्रसंग स्वतःच्या पायावर उभा राहतो.

सेंटॉरी या आणखी एका परक्या संस्कृतीची मेजवानी धमाल आहे. राजदूत लोंडो तर्र होऊन टेबलावर चढतो, गृहदेवतांच्या मूर्तींशी बोलतो आणि आडवा होतो. पण हसताहसता कळतं की हा सण आपल्याच ग्रहावरची दुसरी बुद्धिमान जमात संपवल्याचा आहे. आपण वाचलो याचा आनंद, आणि ते वाचले नाहीत याबद्दल अक्षरही नाही. लेखक त्यावर बोट ठेवत नाही, टेबलावर नाचवून पुढे सरकतो. मला हा प्रसंग शेवटच्या गाजलेल्या प्रसंगापेक्षाही जास्त आवडतो. हे माझं मत, तुमचं वेगळं असू द्या.

आता तो शेवटचा प्रसंग. आठवडाभर सगळे विचारतायत, पृथ्वी काय दाखवणार? सिंक्लेअर राजदूतांना घेऊन येतो. समोर माणसं रांगेत उभी आहेत. तो एकेकाशी हात मिळवतो आणि ओळख करून देतो: नाव आणि श्रद्धा, बस. पहिला माणूस नास्तिक आहे. मग कॅथलिक पाद्री, झेन बौद्ध, मुसलमान, सनातनी ज्यू, आणि पुढे पुढे. कॅमेरा रांगेबरोबर सरकतो, रांग संपायचं नाव घेत नाही, आणि सिंक्लेअर पुढची नावं घेत असतानाच भाग संपतो.

पटकथाकार म्हणून मी याच्याकडे कसा बघतो ते सांगतो. हा भागातला बहुधा सगळ्यात स्वस्त सीन आहे. एक जागा, वेशभूषेतले ज्युनियर आर्टिस्ट, एक सरकता शॉट, आणि बोलणारा एकच माणूस. 'स्टार ट्रेक'च्या तुलनेत या मालिकेचा खिसा लहान होता. लॉस एंजलिसच्या सन व्हॅलीतल्या एका गोदामात सेट लावले होते. निळा, हिरवा, लाल, तपकिरी, करडा असे स्थानकाचे रंगवार विभाग आहेत, त्यातली सोय आमच्या धंद्यातल्या माणसाच्या लगेच लक्षात येते. पाटी बदला, तोच कॉरिडॉर पुन्हा वापरा. अशा हात आखडलेल्या निर्मितीत लेखक आठवडाभर उत्सुकता ताणतो आणि शेवटी काही न सांगता निव्वळ रांग दाखवतो. सिंक्लेअर भाषण करत नाही, हेच मोठं. एखादं वाक्य जरी असतं, की आमच्यात किती विविधता आहे बघा, तर सीन तिथेच मेला असता. आणि नास्तिकाला पहिला उभा करणं ही खरी लेखकाची चाल. नंतर कुठेही आला असता तर तो अपवाद वाटला असता.

मुंबईत राहून या सीनवर लिहिताना एक मोह होईल: सर्वधर्मसमभावाचं पोस्टर लावायचा. माहीमचा दर्गा, माउंट मेरी, सिद्धिविनायक, एका लोकलमध्ये सगळे. कृपा करून टाळा. हे शेकडो लेखांत येऊन गेलंय आणि सीनमधल्या खऱ्या अडचणीवर त्याने पांघरूण पडतं. अडचण अशी, की मिनबारींना एक विधी, सेंटॉरींना एक सण, आणि पृथ्वीला मात्र न संपणारी रांग? एवढ्या मोठ्या ग्रहावर, एवढ्या जुन्या संस्कृतीत पंथभेद नाहीत, पोटजाती नाहीत, 'आमच्याकडे असं करत नाहीत' म्हणणारी आत्याबाई नाही? एक ग्रह म्हणजे एक धर्म, ही पडद्यावरच्या विज्ञानकथेची जुनी आळशी खोड आहे. हा भाग ती मोडत नाही, उलट तिच्याच जोरावर शेवटचा परिणाम साधतो. माणूस तेवढा रंगीबेरंगी, बाकीचे सगळे एकरंगी. माणसाने स्वतःची पाठ छान थोपटून घेतलीय. नार्नांचा विधी तर पडद्यावर येतच नाही, कारण त्यांचा राजदूत जीव वाचवण्यात गुंतलाय.

चाहते लगेच सांगतील, की नार्नांच्या श्रद्धेवर पुढे याच वर्षी एक चांगला भाग आहे. आहेच. पण त्या भागाचं श्रेय या भागाच्या खात्यात जमा करायचं नाही. सीन परिणामकारक आहे आणि त्याचा पाया पोकळ आहे. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहायची हिंमत ठेवा. वाचकाला ते पेलतं.

आता ग्राफिक्स. फाउंडेशन इमेजिंग या कंपनीत रॉन थॉर्नटनच्या चमूने सुरुवातीला अमिगा संगणकांवर, व्हिडिओ टोस्टर आणि लाइटवेव्ह ही ग्राफिक्सची साधनं वापरून हे केलं. तोवर टीव्हीवरची अंतराळयानं म्हणजे मुख्यतः छोट्या प्रतिकृतींवर फिरवलेला कॅमेरा. मालिकेआधी पायलट म्हणून काढलेल्या १९९३च्या चित्रपटाला, म्हणजे 'द गॅदरिंग'ला, दृश्य-परिणामांचा एमीही मिळाला. आज ती यानं प्लॅस्टिकची वाटतात, आणि वाटतात असं लिहायला हरकत नाही. फक्त तेवढ्यावर थांबू नका. पोत जुना होतो, हालचालीमागचा विचार जुना होत नाही. स्टारफ्युरी ही लढाऊ यानं बघा. वळताना ती विमानासारखी झोकात वळत नाहीत. इंजिन बंद करून तशीच पुढे सरकत राहतात आणि नुसतं नाक मागे फिरवून पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडतात. निर्वात पोकळीत हेच होणार. स्थानकातून बाहेर पडतानाही त्यांना ढकलावं लागत नाही. स्थानक फिरतंय, पकड सोडली की यान आपोआप बाहेर भिरकावलं जातं.

फिरण्याचं गणित तर तुम्ही स्वतः करून बघा. २० सेकंदांचं काम आहे. भिंतीवर पृथ्वीइतकं वजन जाणवायला हवं असेल आणि त्रिज्या ४०० मीटर धरली, तर एक फेरी साधारण ४० सेकंदांत व्हायला हवी. मिनिटाला एकच फेरी हवी असेल तर त्रिज्या ९०० मीटरच्या आसपास जाते. जेरार्ड ओनील या भौतिकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात फिरत्या दंडगोल वस्त्यांची कल्पना मांडली, तिचंच हे घराणं. गुरुत्वाकर्षण कुठून आलं या प्रश्नाला उत्तर असलेलं स्थानक टीव्हीवर त्या काळी दुर्मीळ होतं. परीक्षणात हे दोन वाक्यांत बसतं, आणि प्लॅस्टिकच्या तक्रारीला त्याने वजन येतं.

एक तांत्रिक खबरदारी. कुठली प्रत बघताय, ते आधी तपासा. ही मालिका पुढेमागे रुंद पडद्यावर दाखवता येईल अशा बेताने फिल्मवर चित्रित झाली, पण ग्राफिक्स मात्र जुन्या टीव्हीच्या, चौकोनी वाटणाऱ्या ४:३ चौकटीत तयार झाली. डीव्हीडी काढताना सगळं रुंद केलं आणि ग्राफिक्सचे शॉट वरून-खालून कापून ताणले. त्यामुळे यान दिसलं रे दिसलं की चित्र धूसर होतं. २०२१ची सुधारित आवृत्ती परत ४:३मध्ये आहे आणि कितीतरी स्वच्छ आहे. कुणी रुंद प्रत बघून 'फारच गचाळ' असं लिहिलं, तर त्याने १९९४च्या कलाकारांना नंतरच्या कापाकापीची शिक्षा दिली. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका, तीच प्रत बरी.

मायकल ओहेअरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहायला बसलात की अडाल. त्याचा सिंक्लेअर ताठ वाटतो, हे खरं. प्रेमाच्या सीनमध्ये तो ताठपणा नडतो. शेवटच्या रांगेत तोच कामाला येतो, कारण तिथे समारंभ आहे आणि यजमानाने सरळच उभं राहायचं असतं. पहिल्या वर्षानंतर तो मालिकेतून गेला. २०१२मध्ये त्याचं निधन झालं, आणि त्यानंतरच्या वर्षी स्ट्रॅझिन्स्कींनी सांगितलं की त्या काळात तो गंभीर मानसिक आजाराशी झगडत होता. हे वाचल्यावर परीक्षकाचा हात थरथरतो, आणि थरथरावाच. तरी पडद्यावर जे दिसतं त्याला आजाराचं स्पष्टीकरण चिकटवू नका. कुठला सीन चालला, कुठला नाही, एवढंच लिहा. आजाराचा उल्लेख करून दयेचे गुण देणं हा त्या नटाचा अपमानच आहे.

बघण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. हा भाग लोकलमध्ये मोबाइलवर, तेही दीडपट वेगाने, बघून परीक्षण लिहू नका. लोंडोचा विनोद विरामांत आहे आणि शेवटच्या रांगेचा परिणाम तिच्या संथपणात. एकदा सलग बघा, मध्ये काही लिहू नका. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसा आणि प्रत्येक सीनपुढे एवढंच लिहा, की सीन सुरू होताना कुणाला काय हवं होतं आणि संपताना त्याला काय मिळालं. साकाईच्या ट्रॅकपुढे तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा येईल, आणि तिथे तो का रटाळ वाटला याचं उत्तर तुमच्याच अक्षरात तुम्हाला मिळेल.

कथानक किती उघड करायचं? तीस वर्षं जुन्या भागातला मारेकरी कोण हे सांगितलंत तरी कुणी कोर्टात जाणार नाही, पण शेवटच्या रांगेचं वर्णन करण्याआधी एक इशारा जरूर द्या. तो सीन न कळता बघण्यात जी गंमत आहे, ती मी वर तुमच्यापुरती घालवली, कारण तुम्ही भाग बघितला आहे. वाचकाने बघितलेला नसेल.

तारे द्यायचे असतील तर माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा साकाईने खाल्ला आणि एक त्या एकरंगी ग्रहांनी. जकारचा ट्रॅक एकटा असता तर साडेचारही दिले असते.